आकृती सदतीस

११ नोव्हेंबर २०२५
जेलरोड, नाशिकरोड

मृण्मयी,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडाखोड दिसू नये म्हणून नवा कागद घेतला. तुझ्यापायी माझा एक कागद वाया गेला, तोही लक्षात ठेव.

कालच्या पेपरात तुझा फोटो पाहिला. 'पेशी पाहताना' या तुझ्या पुस्तकाला विज्ञानलेखनाचं बक्षीस मिळालंय आणि समारंभ २० डिसेंबरला नाशिकमध्येच आहे. बातमीत लिहिलंय, 'लेखिकेने बारा वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून स्वतः रेखाटलेल्या शहाण्णव आकृत्या हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य.' बारा वर्षं! अगं, तू शाळेत होतीस आठ वर्षं. खोटं बोलताना निदान बेरीज-वजाबाकी तरी करायचीस.

तू सोयीस्करपणे विसरली असशील, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. त्या शाळेत मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. तू विज्ञानाची बाई म्हणून आलीस. काचपट्ट्या मी बनवायच्या आणि शिकवायचंस तू. वर्ग सुटला की मी सूक्ष्मदर्शकापाशी बसायची. डावा डोळा भिंगाला, उजवा कागदावर, दोन्ही उघडे, आणि हातात टोकदार पेन्सिल. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतल्या पेशी, पाणवनस्पतीच्या पानातले गोल गोल फिरणारे हिरवे कण, जे दिसेल ते ठिपक्या-ठिपक्यांनी काढायची. निळ्या पुठ्ठ्याच्या बिनरेघी वहीत अशा शहाण्णव आकृत्या झाल्या. फेब्रुवारी २०२०मध्ये "मीनाताई, दोन दिवसांसाठी द्या ना, आमच्या शिक्षकांच्या गटाला दाखवते," म्हणून तू ती वही नेलीस. पुढे टाळेबंदी लागली. पुढे तू नोकरी सोडून गंगापूर रोडला स्वतःचं विज्ञान केंद्र काढलंस. वही मी चारदा मागितली आणि चारही वेळा तुझं उत्तर एकच, "शोधते हं ताई." ती मला २०२३मध्ये सापडली, पुस्तकाच्या दुकानात, छापलेली. पहिल्या पानावर 'लेखन व आकृत्या' आणि खाली तुझं नाव.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्या आकृत्या मला पुन्हा काढता येणार नाहीत. जन्मात एकच काम असं झालं होतं, की ज्याच्या खाली आपलं नाव असावं असं मला वाटलं. ते तुझ्या नावावर गेलं.

म्हणून मी समारंभाला येणार आहे. निवृत्तीच्या वेळी मुलांनी दिलेला सूक्ष्मदर्शक पिशवीत घेऊन येणार आहे. तुझ्या पुस्तकात एक घोडचूक आहे. भिंगाला ज्याने स्वतः डोळा लावला, त्याच्या हातून ती होऊच शकत नाही. भर सभेत मी तुला त्या चुकीवर बोट ठेवायला सांगणार. एकोणचाळीस दिवस आहेत. शोध.

मीना


२२ नोव्हेंबर २०२५

मृण्मयी,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. रविराज बिचारा सभ्य माणूस. "मीनाताई, तब्येत कशी आहे, डोळ्याचं कळलं, वाईट वाटलं," असं पाच मिनिटं बोलला आणि मग हळूच मुद्द्यावर आला. दुसऱ्या आवृत्तीत आभाराच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य : मीनाताई' असं छापता येईल म्हणे.

तांत्रिक साहाय्य! मी काय पंखा दुरुस्त करून दिला होता?

त्याला मी सांगितलं, "रविराजराव, फोन बायकोला द्या." तेव्हा तो म्हणाला की ती मीटिंगमध्ये आहे. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली मला. तुमच्याकडे मीटिंगला वरण लागतं वाटतं.

तुझं पुस्तक मी तीनदा वाचलं, मन लावून. लिहितेस छान, ते मी कधीच नाकारणार नाही. शाळेतली ती उपमा पण घातलीस. पेशी म्हणजे शाळा, केंद्रक म्हणजे मुख्याध्यापक, तंतुकणिका म्हणजे सगळ्यांना ताकद देणारा पोषण आहाराचा स्वयंपाक, पेशीपटल म्हणजे कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा फाटकावरचा शिपाई. एकदा आठवीच्या वर्गात एका पोराने विचारलं होतं, "मग मीनाताई कोण?" आणि तू पटकन म्हणाली होतीस, "मीनाताई म्हणजे पेशीद्रव्य. त्यांच्यातच आपण सगळे तरंगतो." मी मागे काचपट्ट्या पुसत होते. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी तोंड फिरवलं, तेही तुला दिसलं होतं. पुस्तकात तू शिपाईसुद्धा ठेवलास आणि ते वाक्य मात्र काढून टाकलंस. पान अठरा, मी दोनदा तपासलं.

याचा राग मला चोरीपेक्षा जास्त आला, हे कबूल करते.

लयकारिकांवर तू पाच पानं लिहिली आहेस. पेशीतल्या नको त्या गोष्टी पचवणाऱ्या पिशव्या, आणि पिशवी फुटली तर पेशी स्वतःलाच पचवते, वगैरे. वाचताना वाटलं, माझ्याही पोटात गेली दोन वर्षं असलीच एक पिशवी आहे. पण माझी इतक्यात फुटणार नाही. २० तारखेपर्यंत जपून ठेवणार आहे मी.

तुला एक खूण देते, नाहीतर म्हणशील म्हातारी नुसतीच घाबरवते. आकृती सदतीस. आता बघत बस.

मीना


३ डिसेंबर २०२५

मृण्मयी,

रविवारी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुला आत बोलावलं नाही. पाणी दिलं, तेही बाहेरच. शेजारच्या सुधाने नंतर मला ऐकवलं, "अहो मीनाताई, एवढी गाडीतून आलेली बाई, तिला खुर्ची तरी द्यायची." मी म्हटलं, खुर्ची तिने आधीच घेतलेली आहे.

तुझा चेहरा उतरला होता. आधी वाटलं, झोप होत नसेल, बरं झालं. मग तू ते पुस्तक उघडून सदतीस नंबरचं पान माझ्यापुढे धरलंस.

"मीनाताई, मी तीन प्राध्यापकांना दाखवलं. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी आहेत, पेशीभित्तिका बरोबर, केंद्रक बरोबर, रिक्तिका बरोबर. चूक कुठे आहे?"

"भिंगातून बघ."

"पुस्तक शाळाशाळांत गेलंय हो. मुलांसाठी तरी सांगा."

"मुलांसाठी? मग एक कांदा घे, सोल आणि बघ."

तू खाली बघितलंस आणि म्हणालीस, "माझ्या केंद्रावर आता सगळं स्क्रीनवर असतं. सहा वर्षांत मी काचपट्टी बनवलेली नाही."

ते ऐकून मला जो आनंद झाला, तो चांगल्या माणसाला होऊ नये असाच होता. तुझ्या तोंडून ते वदवलं, माझं अर्धं काम झालं.

जाताना तू पायरीवर थांबून विचारलंस, "एवढा राग आहे माझा?" मी उत्तर दिलं नाही. आता देते. हो, आहे. भाजी निवडताना आहे, देवाला फूल वाहताना आहे, डोळ्यात औषधाचे थेंब घालून पडून राहायचं असतं त्या पाच मिनिटांत तर फारच आहे. आणि हा राग गेला तर दिवसभर काय करायचं, असाही विचार मनात येऊन जातो.

सतरा दिवस उरलेत.

मीना


१० डिसेंबर २०२५

मृण्मयी,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. काल जे पाहिलं त्यामुळे लिहावं लागतंय.

निवृत्तीनंतर मी महिन्यातून एकदा, मंगळवारी, हरसूलकडच्या एका शाळेत जाते. सूक्ष्मदर्शक नेते आणि मुलांकडून प्रयोग करून घेते. काल नववीच्या सव्वीस मुली-मुलं होती. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करायला सांगितली. निकिता नावाची एक मुलगी आहे, हात एकदम स्थिर. तिने पापुद्रा सोलला, इतका पातळ की मलाही हेवा वाटावा. पाण्याचा थेंब टाकला, रंग टाकला. आणि झाकणाची ती पातळ काच सुईवर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडायची, तर पोरीने ती वरून सपाट टाकली, धपकन.

मी म्हटलं, "अगं, अशी नाही टाकायची. आत हवा अडकते."

ती म्हणाली, "बाई, तिरकी टाकली का ते गोल येतच नाय. सपाट टाकली का येतं."

"कसलं गोल?"

"रिक्तिका. पुस्तकात हाय ना. आमाला लय येळा टाकायला लागली, तवा आली."

मग तिने मला वही दाखवली. सव्वीसच्या सव्वीस वह्यांमध्ये कांद्याची पेशी, तिच्यात काळ्या जाड काठाचं एक वर्तुळ, त्याला बाण, आणि बाणाशी सुंदर अक्षरात 'रिक्तिका'. त्यांच्या सरांकडे तुझं पुस्तक आहे. छापलेलं खोटं कसं असेल, असं म्हणून त्यांनी मुलांना ते गोल येईपर्यंत काच टाकायला लावली.

आता तुला कळलंच असेल. आकृती सदतीसमधलं ते वर्तुळ रिक्तिका नाही. तो हवेचा बुडबुडा आहे. एका कडेने तर तो पेशीच्या भिंतीवर चढलाय, शेजारच्या खोलीत पाय टाकल्यासारखा. रिक्तिका अशी भिंत ओलांडते का कधी?

मी पोरांना बाहेरचा जांभळा पापुद्रा काढायला लावला. खरिपाचा नवा पोळ कांदा होता, रंग चांगला. दुसरा रंग घालायचा नाही, काच तिरकी सोडायची. निकिताने डोळा लावला आणि काचपट्टी इकडेतिकडे सरकवून पाहिली. मग म्हणाली, "बाई, आख्खी पेशीच गुलाबी हाय." मी सांगितलं, ती गुलाबी दिसते ना, तीच रिक्तिका, रसाने भरलेली पिशवी. जवळजवळ सगळी पेशी तिनेच भरलेली असते. केंद्रकालासुद्धा ती कडेला ढकलते. त्यावर निकिताने विचारलं, "मग आमी टाकत होतो ते काय?"

मी तिला बुडबुडा म्हणून सांगितलं. पण पुढचं सांगितलं नाही. ही चूक मला दोन वर्षं ठाऊक होती, आणि तुला भर सभेत उघडं पाडायचं म्हणून मी ती लोणच्यासारखी मुरवत ठेवली होती, हे मी त्या पोरीला कसं सांगणार? एका पोस्टकार्डाचं काम होतं. तुझ्या प्रकाशकाला कळवलं असतं तर सव्वीस पोरं काचा आपटत बसली नसती. सव्वीस मी पाहिली. बाकीची किती, देव जाणे. येताना जीपमध्ये मला माझीच लाज वाटली, आणि ही लाजसुद्धा तुझ्यामुळे वाट्याला आली म्हणून तुझा आणखी राग आला.

आता त्या वर्तुळाबद्दल शेवटचं. १७ जून २०१३, तुझा शाळेतला पहिला दिवस. तू घाबरली होतीस. पहिलीच काचपट्टी तू केलीस आणि काच सपाट टाकलीस. मी भिंगातून पाहिलं आणि म्हटलं, "मॅडम, पेशीत फुगा सोडलात." तू इतकी हसलीस की मुख्याध्यापक डोकावून गेले. मग म्हणालीस, "मीनाताई, याचंच चित्र काढा. माझं पहिलं काम आहे." म्हणून मी काढलं. त्याला नाव दिलं नाही, कारण ते काय आहे हे आपल्या दोघींना माहीत होतं.

तू वही नेलीस ते मी कदाचित गिळलं असतं. पण तो दिवस तुझ्या लक्षातसुद्धा राहिला नाही.

२० तारखेला ही चूक व्यासपीठावरून तूच सांग, म्हणजे निदान शाळांपर्यंत पोहोचेल. नाही सांगितलीस तर मी तिसऱ्या रांगेत आहेच.

मीना


२२ डिसेंबर २०२५

मृण्मयी,

समारंभ झाला. शाल माझ्या खुर्चीवर पडली आहे, नारळ सुधाला दिला.

तू बोलायला उठलीस तेव्हा माझी पिशवी मांडीवर होती आणि हात सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर. तू आभार मानशील, विनोद करशील आणि खाली बसशील, मग मी उठेन, असं मी मनात शंभरदा घोकलं होतं. आणि तू पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंस. "आकृत्या माझ्या नाहीत, वही माझी नाही, आकृती सदतीसमध्ये बुडबुडा आहे आणि तो माझ्याच हातचा आहे." मग तू रडलीस. मग म्हणालीस, "मीनाताई, वर या."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कोणासाठी? माझ्यासाठी थोड्या असतील. बाकीच्या सगळ्या तुझ्या प्रामाणिकपणासाठी होत्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "केवढं मोठं मन!" आजच्या पेपरातही तेच, 'लेखिकेच्या मनाचा मोठेपणा'. खाली तुझा फोटो, आणि मी शालीत, अर्धी कापलेली.

वही घेतलीस तेव्हा माझ्याकडे निदान सूड तरी उरला होता. तोही तू शनिवारी घेऊन गेलीस. आणि दिला कोणी? मीच. हाताने लिहून, तिकीट लावून.

बक्षीस तुझ्याकडेच आहे हेही सांगते, कारण त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

पण वही मिळाली. व्यासपीठावर तू ती माझ्या हातात दिलीस तेव्हा मी उघडली नाही. काल दुपारी खिडकीत बसून, उजव्या डोळ्याने, एकेक पान पाहिलं. पुठ्ठा तसाच आहे. पानांना तुझ्या घरचा वास लागलाय. सदतिसाव्या पानावर आले तर माझ्या चित्राशेजारी तुझ्या अक्षरात, फिक्या पेन्सिलीने एक बाण, आणि पुढे 'रिक्तिका' आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

म्हणजे तुला शंका आली होती. हे काय आहे हे तुला नक्की कळत नव्हतं. आणि ते ज्या बाईला नक्की ठाऊक होतं, तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता. विचारलं असतंस तर मी सांगितलंही असतं, अगं. मी तर हसले असते, तुझा पहिला दिवस आठवला असता आणि कदाचित वहीचं विचारायलाही विसरले असते. पण विचारलं की वही कोणाची हे मान्य करावं लागलं असतं. म्हणून तू विचारलं नाहीस, आणि छापताना प्रश्नचिन्ह तेवढं पुसलंस. हे तू शनिवारी व्यासपीठावर सांगितलं नाहीस. एवढं रडलीस, पण हे राहिलं.

तुझ्या प्रकाशकांचा फोन आला होता. दुसऱ्या आवृत्तीत आकृत्यांना माझं नाव देणार आहेत आणि सदतीस नंबरची वगळायला माझी परवानगी हवी आहे. त्यांना सांगितलं, कळवते. ते आता तुलाच कळवते.

आकृती सदतीस वगळायची नाही. आहे तशी छापायची, काळ्या काठासकट. फक्त बाणाशी मी माझ्या हाताने लिहिलेला मजकूर छापायचा, तो सोबत पाठवला आहे: 'हवेचा बुडबुडा. काच सपाट टाकल्यामुळे झालेला. करणारी : मृण्मयी, १७ जून २०१३. पाहून काढणारी : मीना.' एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. हे पुस्तक जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं प्रत्येक नववीतलं पोर तुझं नाव त्या बुडबुड्याशी वाचेल, आणि काच तिरकी कशी सोडायची ते शिकेल. पान अठरावर पेशीद्रव्याचं ते वाक्य परत घालायचं. या दोन्ही गोष्टी झाल्या तरच बाकीच्या पंच्याण्णव आकृत्या मिळतील. नाहीतर वही माझ्याकडे आहे, आणि तुझी नजर कितीही शाबूत असली तरी तुला त्या काढता येणार नाहीत.

आणि अजून एक. जानेवारीत १३ तारखेला मंगळवार आहे. त्या दिवशी तू माझ्याबरोबर हरसूलला यायचंस. गाडी आणायची नाही, जीपने जायचं. तिथे सव्वीस पोरांसमोर तू काच सपाट टाकायचीस आणि त्यांना सांगायचंस की हे पुस्तकात मी रिक्तिका म्हणून लिहिलं होतं. तिथे टाळ्या वाजणार नाहीत. त्या पोरांना तुझं मोठं मन वगैरे काही कळत नाही, त्यांना त्यांची वही खोडावी लागणार आहे. निकिता काहीतरी विचारेल. ती काय विचारेल ते मला आत्ताच माहीत आहे, आणि तू काय उत्तर देतेस ते बघायला मी शेजारी उभी असेन.

सकाळी सातला सीबीएस बसस्थानकावर ये. पापुद्रा सोलायला कांदा मी आणते. काच मात्र तुझ्याच हाताने टाकायची.

मीना